कचऱ्याचा सातबारा

सचिन म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर सुरत-नवसारी मार्गावरचे रेल्वे स्टेशन, त्यामागची औद्योगिक वसाहत आणि कापड रंगविणाऱ्या व छापणाऱ्या कारखान्यांची रांग उभी राहते. परंतु संस्थान म्हणून या गावाचा जन्म झाला तो पुणे दरबारच्या एका करारातून. इ. स. १७९१ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एक वारस बालूमियाँ याने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांस लिहून दिला आणि त्याच्या बदल्यात सुरतेजवळचा, सालीना सुमारे ७५ हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख घेतला. तेच सचिन संस्थान. पुढे झाले ते मोठे बोलके आहे. जंजिरा पेशव्यांच्या हाती कधीच आला नाही. तेथे बसलेला सिद्दी बसूनच राहिला. सचिन मात्र गेले ते गेले, आणि १९४८ साली मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत बालूमियाँच्या वंशजांकडे राहिले.

या कराराची आठवण आम्ही येथे मुद्दाम करून देत आहोत. आपल्यापैकी अनेक घराणी या प्रांतात आली ती चौथाईच्या वसुलीच्या निमित्ताने, गायकवाडांच्या चाकरीत, किंवा नंतरच्या काळात इंग्रजी कचेऱ्यांतील कारकुनीसाठी. दप्तर हा आपला पिढीजात विषय आहे. आमचेही आयुष्य राज्य सरकारच्या नोकरीत, जमिनीच्या कागदांच्या सहवासात गेले. कागदावरचा हक्क आणि जमिनीवरची वस्तुस्थिती यांत केवढे अंतर पडू शकते, हे या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक असते. जंजिऱ्याच्या बाबतीत कागद होता, पण जमीन मिळाली नाही. आजच्या काळात याच्या उलट प्रकार घडतो: जमीन मिळते, पण तिच्या पोटात काय आहे ते सांगणारा कागद मिळत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रकार होय.

सातबाराचा उतारा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. महाराष्ट्रात त्यात ‘इतर हक्क’ असा रकाना असतो; गुजरातेत त्याच जागी ‘बीजा हक्क अने बोजा’ असे शब्द येतात. बोजा हा शब्द दोन्ही भाषांना सारखाच आपला. सोसायटीचे कर्ज, बँकेचे तारण, शेजाऱ्याचा वहिवाटीचा हक्क, विहिरीतील हिस्सा हे सारे तेथे उतरते. हेतू असा की, जमीन घेणाऱ्याने केवळ जमीनच घेऊ नये, तिच्यावरचा भारही डोळसपणे घ्यावा. मालक बदलला तरी बोजा जमिनीबरोबर चालतो, हे आपल्या महसूलव्यवस्थेचे एक शहाणपणाचे तत्त्व आहे. परंतु त्या जमिनीत कोणी काय पुरले, कोणते रसायन मुरविले, याला त्या रकान्यात जागा मिळाल्याचे सहसा दिसत नाही.

या उणिवेची किंमत सचिनने मोजलेली आहे. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे येथील औद्योगिक वसाहतीत एका टँकरमधून रासायनिक कचरा चोरून नाल्यात सोडला जात होता. त्यातून विषारी वायू उसळला आणि शेजारच्या कारखान्यातील सहा कामगार मृत्युमुखी पडले. वीसहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. पोलीस तपासात त्या कचऱ्याचा माग महाराष्ट्रातील तळोजापर्यंत गेला. ज्या रस्त्याने खानदेश-कोकणातील माणसे पोटासाठी सुरतेस येतात, त्या मुलखातून हा निनावी माल अडीचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करून आला आणि त्याचा धनी कोण हे कळण्याआधीच त्याने सहा बळी घेतले. माल तयार करणारा एक, वाहणारा दुसरा, ओतणारा तिसरा आणि मरणारा चौथा! कचऱ्याला धनी नसला म्हणजे असे होते.

धनी नसलेल्या कचऱ्याचे काय करावे, हा प्रश्न सर्वांत उघडा आणि निर्वाणीचा होऊन उभा राहिला तो अमेरिकेत, युरेनियमच्या बंद पडलेल्या गिरण्यांच्या आवारात. म्हणून सचिनच्या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस इतक्या दूरचा इतिहास उपयोगी वाटतो. ती हकिकत थोडी विस्ताराने सांगणे इष्ट होईल.

येथे गिरणी म्हणजे कापडाची नव्हे. खाणीतून आलेला खडक दळून, त्यावर आम्लाची प्रक्रिया करून त्यातले युरेनियम पिवळ्या भुकटीच्या रूपाने वेगळे काढणारा तो कारखाना. कोलोरॅडो, युटा आणि न्यू मेक्सिको या भागांतील खडकात युरेनियम असे ते हजार किलोमागे दोन-तीन किलो. म्हणजे गिरणीत जितका खडक जाई जवळजवळ तितकाच चोथा बाहेर पडे. उसाचा रस काढल्यावर चिपाड निरुपयोगी पण निरुपद्रवी उरते. येथे मात्र उलटे होते. युरेनियम काढून घेतल्यावरही खडकातील सुमारे ८५ टक्के किरणोत्सर्ग त्या वाळूसारख्या चोथ्यातच राहतो. त्यातील थोरियम-२३० चे अर्धायुष्य सुमारे ७५ हजार वर्षांचे, रेडियम-२२६ चे १६०० वर्षांचे. रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू सतत निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंदिस्त घरात साठून तो श्वासावाटे फुप्फुसांत जातो आणि कर्करोगाला निमित्त होतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अणुबाँबसाठी युरेनियम हवे होते आणि अमेरिकेचा अणुऊर्जा आयोग हा त्याचा एकमेव गिऱ्हाईक होता. सरकारी खरेदीच्या भरवशावर पश्चिमेकडील नद्यांच्या काठी गिरण्या उभ्या राहिल्या. १९७० साली आयोगाची खरेदी संपली. त्याआधीच कित्येक गिरण्यांना टाळे लागले होते. यंत्रे विकली गेली, माणसे पांगली, कंपन्या बुडाल्या किंवा दुसऱ्यांत विलीन झाल्या. मागे राहिले ते चोथ्याचे डोंगर, वाऱ्यावर उडणारे आणि पावसात नदीत उतरणारे.

ग्रँड जंक्शन या कोलोरॅडोतील गावी घडले ते तर विलक्षणच. तेथील चोथा पाहता स्वच्छ, बारीक वाळूसारखा दिसे आणि फुकट मिळे. गवंडी आणि ठेकेदार तो ट्रक भरभरून नेऊ लागले. घरांचे पाये, पदपथ, विटांमधला चुना, सर्वत्र तो गेला. १९६६ साली हा प्रकार थांबला, तोवर चोथा हजारो वास्तूंत जाऊन बसला होता. लोक ज्या घरात निजत होते त्याच घराच्या पायातून रेडॉन वर येत होता. १९७२ साली अमेरिकन काँग्रेसने या एका गावासाठी स्वतंत्र कायदा केला. पुढच्या मोहिमेत त्या परिसरातील चार हजारांहून अधिक मिळकती खणून साफ कराव्या लागल्या.

इतके होईपर्यंत सरकार स्वस्थ का बसले होते? त्याचे उत्तर ज्याने कचेरीत काम केले आहे त्याच्या लगेच ध्यानात येईल. अडचण व्याख्येची होती. अणुऊर्जेच्या कायद्यानुसार खडकात ठरावीक प्रमाणाहून, म्हणजे ०.०५ टक्क्यांहून, अधिक युरेनियम असले तरच तो आयोगाच्या नियंत्रणाखाली येई. चोथ्यातले युरेनियम तर काढूनच घेतलेले! म्हणजे गिरणी चालू असेतो परवान्याच्या निमित्ताने आयोगाचे लक्ष असे. ती बंद पडली की चोथा कायद्याच्या दृष्टीने केवळ माती ठरे. आयोग म्हणे, हा आमचा विषय नव्हे. राज्ये म्हणत, आमच्याकडे ना पैसा ना ज्ञान. कंपनी म्हणे, आम्ही सरकारसाठीच माल काढला होता. तिघांचेही म्हणणे आपापल्या फायलीपुरते बरोबर होते, आणि चोथा उडतच होता. ‘आपल्या शाखेशी संबंधित नाही’ हा शेरा कोणत्याही देशाच्या दप्तरात सारखाच असतो.

ही कोंडी ८ नोव्हेंबर १९७८ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने फुटली. या कायद्याने प्रथम व्याख्या बदलली आणि गिरणीचा चोथा स्पष्ट शब्दांत नियंत्रणाखाली आणला. मग गिरण्यांचे दोन वर्ग केले. पहिल्या वर्गात आधीच बंद पडलेल्या, बेवारस गिरण्या. सुरुवातीला २२, पुढे २४. त्यांच्या सफाईचा ९० टक्के खर्च केंद्राने आणि १० टक्के राज्याने करावा, आणि मूळ रहिवासी जमातींच्या भूमीवर सर्व खर्च केंद्राने सोसावा, असे ठरले. दुसऱ्या वर्गात चालू गिरण्या. त्यांच्या मालकांनी गिरणी बंद करण्याच्या खर्चाची अनामत आधीच ठेवावी आणि सफाई पुरी झाल्यावर ती जमीन कायमच्या देखरेखीसाठी सरकारच्या हवाली करावी, असा दंडक घातला.

या कायद्यातील आणखी एक कलम आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. गिरणीची साफ केलेली जागा विकायची झाल्यास, तेथे कोणता किरणोत्सारी माल होता, तो केव्हा काढला आणि आता जमिनीची स्थिती काय आहे, हे खरेदीदाराला आधी कळविले पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचे तर, त्यांनी कचऱ्याचा बोजा उताऱ्यावर चढविला.

कायदा झाल्यावर आठ महिन्यांतच त्याची निकड सिद्ध झाली. १६ जुलै १९७९ रोजी न्यू मेक्सिकोतील चर्च रॉक येथील गिरणीच्या तळ्याचा बांध फुटला. ९ कोटी ४० लाख गॅलन आम्लयुक्त पाणी आणि सुमारे ११०० टन चोथा पुएर्को नदीत वाहून गेला. त्या नदीवर नवाहो जमातीची माणसे आणि त्यांची जनावरे पाण्यासाठी अवलंबून होती. याच जमातीच्या शिपरॉक गावी नदीच्या वरच्या काठावर १९६८ साली बंद पडलेल्या गिरणीचा चोथा तोवर तसाच पडून होता. तो तेथेच झाकण्याचे काम १९८६ साली पुरे झाले.

सफाई म्हणजे काय, याविषयी गैरसमज नसावा. किरणोत्सारी चोथा जाळता येत नाही, निष्प्रभ करता येत नाही. तो एके जागी आणून, त्यावर रेडॉन अडविणारा चिकणमातीचा जाड थर घालून आणि वारा-पाऊस सोसतील असे दगड वर रचून बंद करावा लागतो. जेथे गाव किंवा नदी जवळ आहे तेथून तो आधी हलवावा लागतो. ड्युरँगो गावातील ढीग अ‍ॅनिमास नदीकाठावरून उचलून डोंगरातल्या दरीत नेला. सॉल्ट लेक सिटीचा चोथा आगगाडीने दूर वाळवंटात नेला. मोॲब येथे कोलोरॅडो नदीला लागून १ कोटी ६० लाख टनांचा ढीग होता. तेथील कंपनीने १९९८ साली दिवाळे काढले आणि तिची अनामत प्रत्यक्ष खर्चापुढे अगदीच नगण्य ठरली. अखेर सरकारने तो अंगावर घेतला, आणि २००९ च्या एप्रिलमध्ये सुरू झालेली ढीग वाहून नेणारी आगगाडी पंधरा वर्षे उलटली तरी धावतच होती. चोथा झाकला म्हणजे काम संपते असेही नाही. शिपरॉकला जमिनीखालचे दूषित पाणी उपसत राहावे लागले आहे. काही ठिकाणी झुडपांची मुळे मातीचा थर भेदून खाली उतरली. म्हणून अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००३ साली केवळ अशा वारशाची राखण करण्यासाठी एक स्वतंत्र कचेरी उघडली. तिला वसुली नाही, उत्पादन नाही. आठवण ठेवणे हेच तिचे मुख्य काम.

जर्मनीनेही हाच धडा दुसऱ्या वाटेने घेतला. पूर्व जर्मनीतील विस्मुट या संस्थेने १९४६ ते १९९० या काळात सोव्हिएत संघासाठी सुमारे २ लाख ३१ हजार टन युरेनियम काढले. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर देश बदलला, राज्यपद्धती बदलली, पण खाणी आणि तळी जागची हलली नाहीत. १९९१ च्या अखेरीस नव्या जर्मन सरकारने कायदा करून तो सर्व भार स्वीकारला आणि अब्जावधी मार्क त्यासाठी राखून ठेवले. जे सरकार आता अस्तित्वातच नाही त्याचा कचरा नव्या सरकारने आपला मानला, ही साधी गोष्ट नव्हे.

अमेरिकन नियमांतील एक आकडा आमच्या मनात घर करून राहिला आहे. झाकण शक्यतो १००० वर्षे आणि निदान २०० वर्षे टिकले पाहिजे, असे तेथील पर्यावरण संस्थेने १९८३ मध्ये ठरविले. ७५ हजार वर्षांच्या थोरियमपुढे २०० वर्षे म्हणजे काहीच नाही. पण माणसांच्या दृष्टीने २०० वर्षे म्हणजे किती? सचिनच्या १७९१ च्या करारापासून आजवरचा काळ त्याहून अधिक भरतो. तेवढ्या अवधीत पेशवाई गेली, इंग्रज आले आणि गेले, सिद्दींचे संस्थान गेले, मुंबई राज्य गेले, १९६० साली गुजरात आला. एवढ्या उलथापालथीत गावाच्या सीमा आणि जमिनीचे हक्क कशाने टिकले? राजाने नव्हे, दप्तराने टिकविले. एक अंमल दुसऱ्याला तलवार देत नाही, पण दप्तर देतो. कचऱ्याची आठवण टिकवायची तर तिलाही दप्तराखेरीज दुसरा आधार नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. सुरतेहून सुमारे ८० किलोमीटरांवरील काकरापारचे अणुवीज केंद्र आपल्या परिचयाचे आहे. अशा अणुभट्ट्यांच्या इंधनाची देशी वाट सुरू होते ती झारखंडातील जादुगोडा येथून. तेथील युरेनियम गिरणी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनची. खडक अमेरिकेतल्याहून कितीतरी हिणकस, म्हणून चोथा त्या मानाने अधिक. तो संथाळ आणि हो आदिवासींच्या वस्त्यांशेजारच्या बांध घातलेल्या तळ्यांत साठविला जातो. डिसेंबर २००६ मध्ये चोथा वाहून नेणारा नळ फुटून गाळ ओढ्यात गेला होता. ही गिरणी बेवारस नाही, तिचा धनी केंद्र सरकारच आहे. परंतु खाण संपेल तेव्हा त्या तळ्यांची राखण कोण, किती वर्षे आणि कोणत्या पैशातून करील, हे खाण चालू असतानाच ठरले पाहिजे, एवढा बोध अमेरिकेच्या उदाहरणातून घ्यावयास हरकत नसावी.

बेवारस कारखान्याचे आपल्याकडचे उदाहरण म्हणजे भोपाळ. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीनंतर युनियन कार्बाइडचा कारखाना बंद झाला. १९९८ साली जमीन राज्य सरकारकडे परत आली, आणि तिच्याबरोबर आतला विषारी कचराही. त्यातील ३३७ टन कचरा धार जिल्ह्यातील, म्हणजे पवारांच्या जुन्या मुलखातील, पिथमपूरला हलविण्यास २०२५ चा जानेवारी उजाडला. चाळीस वर्षे! आणि तेथे तो जाळण्यास स्थानिकांनी विरोध केला तो या भीतीने की, भोपाळचा बोजा आता आमच्या नावावर चढतो आहे. त्या भीतीला केवळ अडाणीपणा म्हणून हिणवणे आम्हांस मान्य नाही. ज्यांना आजवर कोणी काही सांगितले नाही, त्यांनी ऐनवेळी सांगितलेल्यावर विश्वास का ठेवावा?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम प्रसिद्ध केले, ही समाधानाची बाब आहे. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची माहिती दर सहा महिन्यांनी द्यावी, प्रदूषण मंडळाने तपासणी करून स्थळ घोषित करावे, दूषित करणाऱ्याकडून खर्च वसूल करावा आणि तो सापडला नाही किंवा देऊ शकला नाही तर सरकारने भार उचलावा, असा त्यांचा गाभा आहे. किरणोत्सारी कचरा या नियमांतून वगळलेला आहे. त्याचे कायदे वेगळे. पण सचिन, वापी, अंकलेश्वर यांसारख्या वसाहतींना हे नियम नेमके लागू पडतात. १९७८ साली अमेरिकेने केले ते आपण रसायनांच्या बाबतीत सत्तेचाळीस वर्षांनी हाती घेतले. उशीर झाला खरा. परंतु उशिराची नोंदही नोंद नसण्याहून बरी.

आमचे म्हणणे इतकेच की, या नियमांखाली होणारी यादी प्रदूषण मंडळाच्या कपाटात राहू नये. ती गावच्या दप्तरात, त्या त्या सर्व्हे नंबरच्या उताऱ्यावर बोजाच्या रकान्यात उतरली पाहिजे. औद्योगिक वसाहतीतील भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जातात. एवढ्या मुदतीत एका भूखंडावर रंगाचा कारखाना, मग रसायनाचा, मग गोदाम आणि शेवटी कदाचित राहती घरे येतील. उधना आणि लिंबायत परिसरात हजारो मराठी कामगार कुटुंबे राहतात; उद्या त्यांतीलच एखादा मुलगा आयुष्याची पुंजी घालून सचिनच्या बाजूला घर घेईल. कर्जाचा बोजा त्याला उताऱ्यावर दिसेल. पायाखालचा बोजाही दिसला पाहिजे. ग्रँड जंक्शनच्या लोकांना तो दिसला नव्हता.

हे काम फार खर्चाचे नाही. त्याला अणुशास्त्रज्ञ लागत नाही. एक फेरफार नोंद, एक सही आणि ती नोंद पुसू न देण्याची हिंमत पुरे. कायदा करणे दिल्लीचे काम असले तरी उतारा मागणे आपले आहे. आपल्या वाडवडिलांनी या प्रांतात येऊन दुसरे काही केले नसेल, पण दप्तरे राखली. पुढच्या पिढ्यांसाठी कचऱ्याचे दप्तरही राखले जावे, असा आग्रह धरण्याचा अधिकार आपल्याला त्या परंपरेनेच दिला आहे. आपल्या मंडळाने या प्रश्नाचा एक अर्ज जिल्हा कचेरीत जरूर द्यावा, अशी आमची सूचना आहे.